अठरा हजार वरचे

हिंदीत शपथ, मराठीत हिशेब,
तेवीस वर्षं असंच चाललंय माझं
मोती तबेल्याला, कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी.
एक टेबल, एक छत्री,
पूर्वी टाइपरायटर, आता लॅपटॉप,
ज्याचा श अडकतो.
आणि श शिवाय शपथपत्र सुरूच होत नाही.

'मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि'
इथवर बोटं आपोआप जातात.
मग समोरचा पुढे वाकतो, भिया, कितना लिखें?
मी विचारतो, लिमिट कितनी है?
आणि आम्ही दोघं मिळून त्याला गरीब करतो,
लागतो तेवढाच, एक रुपया जास्त नाही.
कुल्फीवाला, पंक्चरवाला, एकदा तर सराफ्यातला मुनीम.
पाप वाटलं नाही कधी. पोरांच्या फिया होत्या.

जूनमध्ये शाल्मलीला दोन पत्रं आली.
एक उज्जैन रोडवरच्या नव्या विद्यापीठाचं,
जाड कागद, सोनेरी शिक्का,
गुणवत्ता शिष्यवृत्ती, फी पूर्ण माफ.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
दर सत्राला पंच्याऐंशी टक्के,
घसरलात तर मागचीही भरा.
शाखा आम्ही देऊ ती.

दुसरं पुण्याचं, पातळ कागदावर.
भूगर्भशास्त्राला जागा आहे.
मदत हवी तर उत्पन्न कळवा,
मर्यादा अडीच लाख.

सहावीत असताना जानापावच्या टेकडीवरून
तिनं एक काळा दगड आणला होता,
पोटात पांढरे दात असलेला.
आपण लाव्हावर राहतो, बाबा, म्हणाली,
आणि रात्रभर मला फरशी गरम लागली.
तो दगड अजून माझ्या टेबलावर आहे,
लोकांची गरिबी वाऱ्यानं उडू नये म्हणून.

लोकमान्यनगरात रात्री वही उघडली.
दोन लाख अडुसष्ट हजार.
पुन्हा बेरीज केली. तेवढेच.
हे वरचे अठरा कुठून आले गं?
हिनं भाकरी उलटली, म्हणाली, निवडणूक.

खरंच की.
नगर निगमचे उमेदवार रांगेनं उभे होते तेव्हा,
प्लॉट, फ्लॅट, पत्नीचं सोनं, भागीतला पेट्रोल पंप,
सगळ्यांची शून्यं मी बोट ठेवून मोजली,
एकही पडू दिलं नाही.
त्यांच्या शून्यांतून माझे अठरा हजार निघाले
आणि मी गरिबीतून बाहेर आलो,
एका वर्षापुरता.

सकाळी तिला टेबलाशी बसवलं, टाइप करायला घेतलं.
नाव, वडिलांचं नाव, राहणार.
आकड्याच्या जागी उभी रेघ लुकलुकत राहिली.
दोन चाळीस. गोल, नम्र आकडा,
शेकड्यांनी वाटलाय मी.
चहा घेऊन येतो, म्हणालो.

आलो तर प्रिंटर गरम.
दोन प्रती, आकडा रुपयापर्यंत खरा.
खरेपणाचा माज नाही, बाबा, म्हणाली,
खोटा आकडा तीन वर्षं लक्षात ठेवावा लागतो,
मला तिथं खडकांची नावं ठेवायची आहेत.
मग मदत का हवी, त्या रकान्यात काय लिहिलंस?
लिहिलं, निवडणूक दर वर्षी नसते.

उज्जैन रोडला शुक्रवारपर्यंत कळवायचंय.
ते पत्र दगडाखाली होतं.
मी विचारलं नाही, तीही बोलली नाही.
फाटकात नोटरीसाठी रांग लागली होती.

उठताना पर्स उघडली,
काका, किती झाले?
गिऱ्हाइकासारखा आवाज काढून.
मेरिटवाल्यांना माफ, मी म्हणालो.
अट?
अट नाही.
हसली, तरी साठ रुपये ठेवून गेली,
अर्धे सुटे.

वहीत मांडले ते.
तारीख, शपथपत्र एक, साठ.
उत्पन्न आहे.
मांडायलाच हवं.